मराठी शीर्षकात & कशाला, हाताशी ‘व’ असताना?

शाईदौत
दोन दिवस एका मुखपृष्ठावर अडकलोय. शीर्षकात दोन शब्द आणि मधे &. लेखकाने तसंच लिहून दिलंय. काहीतरी खटकत होतं, म्हणून चारशे टक्के मोठं करून पाहिलं. आपली अक्षरं शिरोरेषेला लटकतात आणि & खाली बेसलाइनवर, म्हणजे रोमन अक्षरं ज्या रेषेवर उभी राहतात तिच्यावर, बूड टेकून बसतं. फॉन्टमधलं & बहुतेक वेळा सोबतच्या रोमन अक्षरांच्या मापाने काढलेलं असतं, ते देवनागरीत मिसळत नाही.

मुळात हे चिन्ह परकं: लॅटिनमधला ‘एत’ शब्द, म्हणजे ‘आणि’. लिहिण्याच्या ओघात ई आणि टी जोडले गेले, त्याचं हे रूप. त्यांना दोन अक्षरांचं एक करायचं होतं. आपला ‘व’ आधीच एका अक्षराचा आहे. माझं मत स्पष्ट आहे: मराठी शीर्षकात, पाटीवर, लोगोत & नको.

तिरपा_टाइप
असहमत. उसनं म्हणून टाकायचं तर स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह सगळंच परत करा आणि एकट्या दंडावर भागवा. शिरोरेषा दोन शब्दांच्या मधे तशीही तुटतेच, & त्या मोकळ्या जागेतच येतं. खाली बसतंय तर बेसलाइन शिफ्ट देऊन वर घ्या.

‘व’चा त्रास कुणी बोलत नाही. ‘विचार व विवेक’ मोठ्या टाइपात लावून बघा. चार व एका ओळीत, मधला एकटा कुठल्या शब्दाचा तेच कळत नाही.

शाईदौत
विरामचिन्हं आपण उच्चारत नाही, & उच्चारावं लागतं. तिघांना मुखपृष्ठ मोठ्याने वाचायला दिलं. तिघेही ‘अँड’ म्हणाले. पुस्तकाचं नावच बदललं की!

तिरपा_टाइप
% बघून ‘टक्के’ म्हणतोच ना आपण? फ्रेंच माणूस & ला ‘ए’ वाचतो, स्पॅनिश माणूस ‘ई’. आपण ‘आणि’ वाचायची सवय लावली नाही, हा चिन्हाचा दोष नव्हे.

मोकळी_ओळ
वेबवाल्यांची एक विनंती: नावात & असेल तर आधी सांगत जा. एचटीएमएलमध्ये ते राखीव चिन्ह आहे. सांकेतिक रूप चुकून दोनदा चढलं की शीर्षकात त्याला रोमन अक्षरांचं शेपूट दिसतं. मी नेहमी ‘आणि’च मागते.

जोडाक्षर
शाईदौत, ‘परकं’ या मुद्द्यावर थांबते. क् आणि ष मिळून क्ष होतो, ज् आणि ञ मिळून ज्ञ. घटक ओळखू येत नाहीत, तरी आपण बिनधास्त वाचतो. & तसंच आहे, ई-टीचं जोडाक्षर. ज्यांची लिपी जोडाक्षरांवर उभी आहे, त्यांना तर ते सगळ्यात आधी समजायला हवं.

आणि ते सुंदर आहे हो! यान चिखोल्ड या जर्मन अक्षररचनाकाराने १९५३ मध्ये त्याची रूपं जमवून त्यावर स्वतंत्र पुस्तिका केली. कॅसलन या जुन्या इंग्रजी टाइपातलं इटॅलिक, म्हणजे तिरपं, & बघा, बाकीची अक्षरं शिस्तीत उभी आणि हे एकटं गिरकी घेतं. हर्ब लुबालिन या अमेरिकन डिझायनरने १९६५ साली ‘मदर अँड चाइल्ड’ नावाच्या लोगोत ‘मदर’मधल्या ओच्या पोटात & निजवलं, गर्भातल्या बाळासारखं. अमेरिकेत पटकथालेखकांच्या श्रेयनामावलीत & म्हणजे दोघांनी एकत्र बसून लिहिलं; अक्षरी ‘अँड’ म्हणजे वेगवेगळं. इतकी जवळीक त्या एका खुणेत आहे.

सलग मजकुरात मात्र & मलाही नको. तिथे ‘आणि’ हवं, पूर्ण.

शाईदौत
जोडाक्षराचं पटलं. पण मग उलटा प्रश्न येतो: जोडायची कला आपल्या रक्तात आहे, तर आपली खूण आपणच का काढू नये? बोलताना आपण ‘नि’ म्हणतो. काल रात्री बोरूने ‘नि’ काढत बसलो. वेलांटीची कमान ‘न’वर संपवली नाही, तशीच ओढत पुढच्या शब्दाच्या शिरोरेषेवर टेकवली. दोन शब्द खरंच जोडलेले दिसतात, आणि वाचणारा ‘अँड’ म्हणूच शकत नाही. लेखकाला & आणि हा ‘नि’ दोन्ही पाठवतोय.

तिरपा_टाइप
पाठवा. पण कमानीची जाडी शिरोरेषेइतकीच ठेवा, बोरूची रेघ टेकताना बारीक होते. आणि & वर घेतलेलं पाठवा, खाली बसलेलं नको.