जादू + समांतर जग: तेरा वर्षांच्या भाचीसाठी एकच कादंबरी सुचवा

चकवा:
भाची इंग्रजी बरं वाचते, पण जाडजूड पुस्तक दिसलं की पळते. एकच पुस्तक हवंय, मालिका नको. पानं तीनशेच्या आसपास. एका जगातून दुसऱ्यात जायची ठरलेली रीत हवी, जादूला नियम हवेत. 'डोळे मिटले आणि पोचली' छापाचं नको.

उंटावरचा शहाणा:
फिलिप पुलमन, 'हिज डार्क मटेरिअल्स'. प्रश्नच नाही. भाग तीन आहेत (१९९५, १९९७, २०००), पण गोष्ट सलग एकच. नियम म्हणाल तर नुसतं ते सत्यदर्शक यंत्र बघा: ३६ चिन्हं, तीन काटे फिरवून प्रश्न लावायचा, चौथा काटा उत्तर दाखवतो.

वाचाळ:
पुलमनला +१. फक्त तिला सांगून ठेवा, पहिला भाग जवळजवळ सगळा नायिका लायराच्याच जगात घडतो, दुसऱ्या जगाची वाट उघडते ती पार शेवटी. मुलं तिथेच कंटाळून सोडतात. खरी ये-जा दुसऱ्या भागात: सुरीच्या टोकाने हवेत फट चाचपायची, खिडकी कापायची, पलीकडे गेलं की कडा चिमटीत धरून मिटवायची. न मिटवल्याचे परिणाम तिसऱ्यात.

आडवाट:
'मालिका नको' हे वाचलंत का कुणी?
डायना विन जोन्स, 'हाउल्स मूव्हिंग कॅसल' (१९८६). पुढे आणखी दोन आहेत, पण हे आपल्यापुरतं पूर्ण संपतं. दाराच्या चौकटीत वर चौकोनी मूठ, चार बाजूंना चार रंग. जो रंग खाली, त्या ठिकाणी दार उघडतं. काळा खाली आला की आपल्या जगातलं वेल्स. ते यायला मात्र मध्यापर्यंत थांबावं लागतं. २००४चा चित्रपट पाहून ठरवू नका, त्यात वेल्स नाहीच.

उंटावरचा शहाणा:
म्हातारी नायिका, तेरा वर्षांच्या मुलीला? पुलमनच द्या.

आडवाट:
शापाने म्हातारी झालीय हो. पहिलं प्रकरण तरी वाचा.

जुना वाचक:
सी. एस. लुईसची नार्निया मालिका! त्यातलं 'द मॅजिशियन्स नेफ्यू'. लहानसं आहे आणि नियम चोख. पिवळी अंगठी जगांच्या मधल्या रानात नेते. हिरवी घालून तिथल्या तळ्यात उडी मारली की त्या तळ्याचं जग. प्रकाशनात हे सहावं (१९५५), कथाक्रमात पहिलं. हल्लीच्या संचांवर १ क्रमांक असतो, तो चुकीचा आहे. १९५०चं कपाटवालं ('द लायन, द विच अँड द वॉर्डरोब') आधी वाचायला हवं.

वाचाळ:
क्रमांक बरोबर आहे. कथाक्रमानेच वाचावं.

जुना वाचक:
मग कपाटवाल्यातला दिव्याचा खांब कुठून आला, याची गंमत काय राहिली?

कडूकारलं:
पानं कमी हवीत तर 'एव्हरी हार्ट अ डोअरवे' (२०१६), दोनशेच्या आत. पण गोष्ट दुसऱ्या जगांतून परत आलेल्या मुलांच्या शाळेची, प्रवास फारसा नाहीच. शिवाय खून आहेत, प्रेतांचे अवयव काढलेले. तेराव्या वर्षी नको.

नववा जीव:
जोन्सबाईंचंच 'चार्म्ड लाइफ' (१९७७). जगांच्या बारा माळा, एकेका माळेत साधारण नऊ जगं. इतिहासात मोठी घटना दोन तऱ्हांनी घडू शकते तिथे जग फुटून दोन होतात. त्यामुळे प्रत्येकाची प्रतिरूपं शेजारच्या जगांत असतात, आणि एक मुलगी जागा सोडून गेली की बाकीच्या एकेक घर सरकतात. सगळा गोंधळ त्यातून.
'द लाइव्ज ऑफ ख्रिस्तोफर चँट' (१९८८) कथाकाळात आधीचं असलं तरी आधी देऊ नका. त्यात मुलगा झोपेत खडकाळ दरी ओलांडून स्वतः जगोजगी हिंडतो, आणि अंगाला चांदी लागली की त्याची जादू बंद. सुरेख आहे, पण 'चार्म्ड लाइफ'मधल्या काड्यांच्या पाकिटाचं रहस्य आधीच फुटतं.

वाचाळ:
म्हणजे ते नऊ जीवांचं ना?

आडवाट:
अहो स्पॉयलर!! संपादक, कृपया झाका.

कडूकारलं:
त्याच लेखिकेची दोन आधीच सुचवून झालीत. आणि ख्रिस्तोफर आधी नकोच, अनुमोदन.

चकवा:
सर्वांचे आभार. ख्रिस्तोफर चँट मागवलं. मला हिंडणारा मुलगा हवा होता, आणि चांदीचा नियम एका ओळीत कळतो. रहस्य फुटेल ते दुसऱ्या पुस्तकाचं, जे मी घेतच नाहीये.

नववा जीव:
घ्याल. महिनाभरात तीच मागेल.

उंटावरचा शहाणा:
पुलमनचे तिन्ही भाग एका बांधणीतही मिळतात, म्हणजे एकच पुस्तक झालं की. ब्रिटिश आवृत्ती बघा, अमेरिकी आवृत्तीत तिसऱ्या भागातल्या लायराबद्दलच्या काही ओळी गाळल्या होत्या.