बीपी उभं राहूनही मोजा

‘लो बीपी म्हणजे काही आजार नव्हे, मीठ-साखर-लिंबू पाणी घेतलं की झालं’ असं बरेच जण म्हणतात; ते धडधाकट तरुणांपुरतं मान्य. 90/60 च्या आसपास असूनही कसलाच त्रास नसलेली माणसं असतातच. पण घरात सत्तरीचं माणूस आणि बाहेर सोलापूरचा मे महिना, तर गोष्ट वेगळी. घामावाटे पाणी-मीठ जात राहतं, आणि हाय बीपीची गोळी मात्र थंडीतल्याच डोसाने चालू.

आमच्या सासऱ्यांना त्यात प्रोस्टेटची गोळी सुरू झाली. (यातल्या काही गोळ्या रक्तवाहिन्याही सैल करतात, हे कोण सांगतं?) रात्री लघवीला उठले आणि मोरीच्या उंबऱ्याशी कोसळले. दवाखान्यात बसवून मोजलं तर बीपी अगदी व्यवस्थित! डॉक्टरांनी मग आडवं झोपवून, आणि उभं केल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजलं, तेव्हा उलगडा झाला: उभं राहिलं की बीपी घसरत होतं. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर तो दोष धरतात. जुन्या शुगरवाल्यांतही हे दिसतं. या वयात खुब्याचं हाड मोडलं की माणूस अंथरुणाला खिळतो, खरा धोका तिथे आहे. गोळी मात्र परस्पर बंद करू नका; आमच्याकडे डॉक्टरांनीच डोस आणि वेळ बदलून दिली.