मदत हवी आहे: ३५ एमएमच्या लोअरिंग स्प्रिंगा आल्यात, शॉकअप कुठले घेऊ?

वळणवेडा
मंडळी, जरा लवकर उत्तर हवंय. ३५ एमएमच्या लोअरिंग स्प्रिंगा, म्हणजे गाडी तेवढी खाली बसवणाऱ्या, हातात आल्यात, चारही. शनिवारी बसवायला घेणार आहे. शॉकअप आहेत तेच ठेवले तर चालतील, की बदलावेच लागतील? बदलायचेच असतील तर स्वस्तातले पण टिकणारे सांगा, कारण बजेट स्प्रिंगांमध्येच संपत आलंय. गाडी रोजच्या वापराची, ट्रॅकवर न्यायची नाही. चाक आणि आर्च (चाकावरची बॉडीची कमान) यांमधली फट डोळ्यांत सलते आणि वळणात गाडी कलते, एवढंच दुखणं आहे.

ग्रीसहात
गाडी कुठली? साल, इंजिन, किती किलोमीटर, शॉकअप मूळचेच की मध्ये बदललेले? स्प्रिंग कुठल्या कंपनीची, तिच्यावर नंबर काय? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

जुना_खेळाडू
स्प्रिंगा परत करा आणि सरळ कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेला सेट) घ्या. उंची हवी तशी फिरवता येते, पुन्हा पुन्हा खोलाखोली नाही. मी दोन गाड्यांवर लावलेत.

वळणवेडा
कॉइलओव्हर नकोत, ते विचारलेलं नाही. गाडी गोल्फ ५. आता सांगा.

शून्यकॅम्बर
बजेटच नसेल तर लोअरिंग स्प्रिंग तरी कशाला? मूळ स्प्रिंगेचा एक वेढा कापायचा. मी कापून तीन वर्षं चालवली, काही झालं नाही.

पाना_तेरा
शून्यकॅम्बर, हे नवीन माणसाला सांगू नका. वेढे कमी झाले की स्प्रिंग त्याच प्रमाणात कडक होते. सहा चालू वेढ्यांतला एक काढला तर २० टक्के कडक. ते एक वेळ चालवून घेऊ. पण वरच्या-खालच्या बैठकीसाठी टोकाचा वेढा ठरावीक आकारात वळवलेला असतो, तो गेला की स्प्रिंग नीट बसतच नाही. चाक हवेत लटकलं की ती सैल होऊन जागची हलते. ग्राइंडरच्या उष्णतेने तारेचं पाणी उतरतं ते आणखी वेगळं. तुमचं तीन वर्षं निभावलं, चांगलं झालं. दुसऱ्याचं निभावेलच असं नाही.

शून्यकॅम्बर
उष्णता लागू नये म्हणून हॅकसॉने कापतात, ग्राइंडरने नाही. बाकी तुमचा अनुभव तुमच्याजवळ.

ग्रीसहात
मूळ प्रश्नावर येऊ या. गोल्फ ५ म्हणजे २००३ ते २००८ मधली. पुढे मॅकफर्सन (स्प्रिंग आणि शॉक एकाच खांबात, त्यालाच स्ट्रट म्हणतात), मागे मल्टिलिंक (चाक धरायला अनेक आर्म), मागची स्प्रिंग आणि शॉक वेगवेगळे. या गाडीत एक मेख आहे, ती आधी तपासा: पुढच्या स्ट्रटचा खालचा भाग नकलमध्ये (चाकाचा हब धरणारा भाग) शिरतो तिथे व्यास ५० एमएम असतो किंवा ५५. दोन्ही आले आहेत, दिसायला सारखेच, एकमेकांत बसत नाहीत. मोजल्याशिवाय पुढचे शॉक मागवू नका. आणि इंजिन अजून सांगितलेलं नाही.

वळणवेडा
इंजिन १.९ टीडीआय, डिझेल. १ लाख ६२ हजार झालेत. शॉक मूळचेच. मागचा उजवा जरा ओला दिसतो, पण तो बराच काळ तसाच आहे, त्रास काही नाही. व्हर्नियर नाही माझ्याकडे. स्प्रिंगा सेकंडहँड घेतल्यात, खोक्यावर इंजिन १.४ / १.६ लिहिलंय. त्याने काय फरक पडतो? गाडी तीच ना?

पाना_तेरा
इथेच तर सगळं आहे! बराच फरक पडतो.

स्प्रिंग गाडीच्या नावावर ठरत नाही, पुढच्या ॲक्सलवर वजन किती यावर ठरते. डिझेलचं इंजिन जड. समजा स्प्रिंगेची कडकी मिलिमीटरला ३० न्यूटन आहे आणि पुढच्या प्रत्येक चाकावर ३० किलो जास्त आले, म्हणजे साधारण ३०० न्यूटन. तेवढ्यानेच नाक आणखी १० एमएम खाली जाईल. तुमचे ३५ चे ४५ झाले, आणि ते फक्त पुढे. स्प्रिंगेवरचा नंबर कंपनीच्या तक्त्यात बघा, समोर जास्तीत जास्त ॲक्सल लोड दिलेला असतो. डिकीत स्पेअर चाकाच्या खळग्यात गाडीचं स्टिकर आहे, त्यावरचे कोडही लिहून ठेवा. मूळचं स्पोर्ट सस्पेन्शन असेल तर गाडी कारखान्यातूनच १५ एमएम खाली आलेली असते. ३५ हा आकडा साध्या सस्पेन्शनपासून मोजलेला. मग प्रत्यक्षात उरतात २०.

संथवाहिनी
ओला शॉक म्हणजे सील गेलंय आणि तेल बाहेर येतंय. त्रास जाणवत नाही, कारण तो हळूहळू मरतो आणि आपल्याला त्याची सवय होते. माझ्या गाडीचे चारही बदलले तेव्हा पहिल्याच वळणावर कळलं की इतके दिवस काय चालवत होते. दादा, तुमची गाडी कलते ती उंचीमुळेच कशावरून? लोअरिंगच्या आधी हे करा.

तिसरी_सीट
धागा पळवत नाही, पण माझ्या गाडीत मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा एकच दांडा) आहे. लोअर केल्यावर मागचा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) सेट होईल का?

ग्रीसहात
@तिसरी_सीट, बीमवर बहुतेक गाड्यांत मागे सेटिंगच नसतं. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो. वळणवेडांच्या गाडीत मागे एक्सेन्ट्रिक बोल्ट (फिरवले की चाकाचा कोन बदलणारे) आहेत, कॅम्बर आणि टो (चाकाचं तोंड आत की बाहेर) दोन्ही फिरतात. गंज धरून अडकले नसतील तर. आजपासूनच रोज गंज सोडवायचं तेल मारत राहा.

कप्पी
शॉकबद्दल. स्प्रिंग कडक केली की तिला आवरायला डॅम्पिंगही (शॉकचा अटकाव) वाढवावं लागतं, पण वर्गमुळाच्या प्रमाणात. स्प्रिंग ३० टक्के कडक, तर डॅम्पिंग सुमारे १४ टक्के जास्त. नवा कोरा शॉक एवढं ओढून नेतो. १ लाख ६२ हजार चाललेला नाही नेत, गाडी खड्ड्यानंतर दोन-तीन वेळा डुलत राहील.

दुसरा मुद्दा लांबीचा. ३५ एमएम खाली बसवलेला साधा शॉक आधीच ३५ एमएम आत दबलेला असतो. खाली जायला जागा कमी उरते आणि गाडी बंप स्टॉपवर (शेवटचा रबरी ठोकळा) आदळायला लागते. म्हणून आखूड शॉक घ्यावा. बिलस्टाइन घेतलात तर बी८, तो लोअरिंगसाठीच आखूड केलेला आहे. बी६ नको, तो मूळ उंचीसाठी.

पाना_तेरा
बी८ उत्तमच, पण त्यांनी बजेट नाही असं पहिल्याच पोस्टमध्ये सांगितलंय. ३० च्या आत राहिलात तर साध्या लांबीचा चांगला ट्विन-ट्यूब (दोन नळ्यांचा शॉक), केवायबीचा एक्सेल-जी किंवा बिलस्टाइन बी४, रोजच्या वापराला पुरतो. मी स्वतः असाच चालवतो. बंप स्टॉप मात्र स्प्रिंगवाल्याने सांगितलाय तेवढाच कापायचा. काढून अजिबात टाकायचा नाही.

कप्पी
पुरतो म्हणजे किती दिवस? चार माणसं बसवून चालवलीत का कधी? पिस्टन कायम नळीच्या खालच्या भागात चालतो आणि भरल्या गाडीत प्रत्येक खड्ड्याला स्टॉप लागतो. आज वाचवलेले पैसे दोन वर्षांनी दुसऱ्यांदा मजुरी देण्यात जातात.

पाना_तेरा
सहप्रवाशांसह चालवली आहे. ३० च्या आत म्हणालो, ३५-४५ ला नाही. तिथे तुमचं म्हणणं मला मान्य आहे.

जुना_खेळाडू
म्हणूनच म्हणत होतो कॉइलओव्हर. शॉक आणि स्प्रिंग एकमेकांसाठी बनलेले येतात.

ग्रीसहात
स्वस्त कॉइलओव्हर आणि चांगला कॉइलओव्हर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. या बजेटमध्ये स्वस्तच मिळेल. त्याची थ्रेड एका पावसाळ्यात जाम होते आणि डॅम्पिंग पहिल्या दिवसापासून यथातथाच. तेवढ्या पैशात साधे पण नामांकित चार शॉक येतात.

वळणवेडा, व्हर्नियर नसेल तर दोरा गुंडाळा. घेर १५७ एमएम आला तर व्यास ५०, १७३ आला तर ५५. स्ट्रट नकलमध्ये शिरतो त्याच्या लगेच वर, माती पुसून मोजा.

वळणवेडा
दोरा गुंडाळला. १७३. म्हणजे ५५.

डिकीतलं स्टिकर पाहिलं, कोड कंपनीच्या तक्त्याशी जुळवले. साधं सस्पेन्शन आहे. स्प्रिंगेवरच्या नंबराला दिलेला पुढचा ॲक्सल लोड माझ्या गाडीपेक्षा कमी आहे. मन खट्टू झालं, खोटं नाही सांगत. विकणाऱ्याला कळवलंय, पुढच्या दोन परत घेऊन डिझेलच्या देतो म्हणतोय.

पाना_तेरा
पुढच्या दोनच नका बदलू. पूर्ण सेट एकाच नंबराचा घ्या. पुढच्या-मागच्या कडकीचा मेळ कंपनीने जुळवलेला असतो. आणि शक्य असेल तर ३५ ऐवजी २५-३० चा सेट मागा. फट तेवढ्यानेही भरते. मॅकफर्सनमध्ये जास्त खाली गेलात की लोअर आर्म आडवा राहत नाही, बाहेरचं टोक वर जातं. रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली उतरतो आणि गाडी कलायला उलट मदत होते. तुमचं अर्धं दुखणं तर कलण्याचंच आहे.

संथवाहिनी
झेनॉन दिवे आहेत का? असतील तर लेव्हल सेन्सरचं (गाडीची उंची मोजून झोत जुळवणारा) बेसिक सेटिंग स्कॅनरने पुन्हा करून घ्या. साधे असतील तरी दिव्यांचा झोत तपासा. समोरच्याच्या डोळ्यांवर जाता कामा नये.

वळणवेडा
दिवे साधे आहेत.

ठरवलं. शनिवार रद्द. आधी चार शॉक, साध्या लांबीचे ट्विन-ट्यूब, पुढचे ५५ वाले, आणि सोबत पुढच्या स्ट्रटचे वरचे माउंट, बेअरिंग, बंप स्टॉप, डस्ट बूट. स्प्रिंगांचा सेट बदलून ३० चा मिळाला की सगळं एकदमच उघडेन, म्हणजे अलाइनमेंट एकदाच. कप्पी, बी८ साठी थांबावं असं मनात आलं होतं, पण ओला शॉक घेऊन आणखी चार महिने फिरायचं नाही.

एक विचारायचं राहिलं. आर्मचे बुशवाले (रबरी सांध्याचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळायचे असं कुठेतरी वाचलं. ते का? आणि गाडीखाली हात कसा पोचवायचा?

ग्रीसहात
चाक लटकत असताना आवळलं तर रबर त्या कोनात पकडलं जातं. गाडी खाली आली की ते कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. गाडी उतरवायची गरज नाही. काम सुरू करण्याआधी हबच्या मध्यापासून आर्चच्या कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांना मोजून लिहून ठेवा. त्यातून ३० वजा करा. मग नकलखाली जॅक लावून ते अंतर येईपर्यंत उचला आणि तिथे टॉर्क द्या. गाडी जॅकवरून उचलली जायला लागली तर थांबा. खाली स्टँड लावलेलेच असू द्या.

स्ट्रटचा वरचा नट इम्पॅक्ट गनने आवळू नका, रॉड गरगरा फिरतो आणि नव्या शॉकचं सील पहिल्याच दिवशी खराब होतं. रॉड अडवून हातानेच. आणि स्प्रिंग कॉम्प्रेसर धड असलेलाच वापरा, मागून आणा, पण आटे झिजलेला नको.

कप्पी
पिंच बोल्ट (नकलमध्ये स्ट्रट आवळणारे) नवे घ्या. ते ताणले जाणारे आहेत, एकदाच वापरायचे. अलाइनमेंटचे आकडे आले की इथे टाका.