मदत हवी आहे: आई आणि कुत्र्याला घेऊन म्हैसमाळ

नमस्कार मंडळी. पोळा झाला की परभणीहून गाडीने म्हैसमाळला, म्हणजे खुलताबादजवळच्या डोंगरावरच्या थंड हवेच्या ठिकाणी, जायचं ठरतंय. सोबत ७८ वर्षांची आई आणि आमचा मोती, गावठी कुत्रा. आईचे गुडघे पार गेलेत, पण तिथल्या गिरिजामातेचं दर्शन घ्यायचंच म्हणते. मोतीला मागे ठेवलं तर तो जेवत नाही, म्हणून त्यालाही न्यायचंय.

जालन्यामार्गे छत्रपती संभाजीनगर, तिथे मुक्काम, सकाळी दौलताबाद, खुलताबाद करत वर. दौलताबादच्या दरवाजात गाड्या तुंबतात, म्हणून लवकर निघू. खुलताबादला भद्रा मारुती आहे, तिथे शनिवारी फार गर्दी असते, तो वार टाळतोय. वेरूळची लेणी यावेळी नाहीत. मोतीला आत नेता येणार नाही आणि उन्हात गाडीत कोंडून तर मुळीच ठेवणार नाही. गौताळाही त्याच कारणाने सोडलं, अभयारण्य आहे.

विचारायचं असं: मंदिरापर्यंत गाडी किती जवळ जाते? पायऱ्या किती, धरायला कठडा आहे का? वर कमोडचं स्वच्छ संडास कुठे मिळेल? आईला खाली बसता येत नाही, त्यामुळे ती प्रवासात पाणीच पीत नाही. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच आहे. संभाजीनगरात कुत्र्याला खोलीत घेणारं, तळमजल्यावरचं लॉज कोणाला माहीत आहे का?

आणि वळणांवर मोती ओकतो. निघण्याआधी किती तास उपाशी ठेवावं? ज्यांनी कुत्रं घेऊन घाट केलाय त्यांनी जरूर सांगा. वरच्या माकडांचंही सांगा, मोती त्यांच्यामागे धावतो.