मदत हवी आहे: उड्या मारणाऱ्या कोळ्याचा एकही फोटो शार्प येत नाहीये

परसातला_पतंग
तातडीने मदत हवी आहे. परसातल्या पानांवर तो छोटा, उड्या मारणारा कोळी असतो ना, त्याचे फोटो काढतोय. एकही धड येत नाही. डोळे जेमतेम, पाय तर सगळेच धुरकट. अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८ ठेवून पाहिलं, आणखी लहान म्हणजे एफ/२२ ठेवून पाहिलं, दोन्हीकडे तीच बोंब. मादी पान दुमडून आत रेशमी घरटं विणतेय, एकदा आत बसली की संपलं, म्हणून घाई आहे. 'सराव करा' हे उत्तर कृपया नको.

नाकतोडा
कॅमेरा? लेन्स? उजेड कसला? एखादा बिघडलेला फोटो डकवा की. नुसतं 'धड येत नाही' म्हटल्यावर अंदाजपंचे काय सांगणार?

परसातला_पतंग
क्रॉप सेन्सर (फुल-फ्रेमपेक्षा लहान), ५५-२५० एमएमची झूम लेन्स. कॅमेरा नवा आहे, त्यात दोष नाही. फोटो दुसऱ्या संगणकावर आहेत, नंतर टाकतो.

टाचणी
५५-२५० ही मॅक्रो लेन्स नाही हो. तिच्यातून एवढासा कोळी म्हणजे नुसता ठिपका दिसणार. १०० एमएमच्या आसपासची खरी १:१ (सेन्सरवर वस्तू खऱ्या आकाराएवढी उमटवणारी) मॅक्रो लेन्स घ्या. मी घेतली, प्रश्न मिटला.

परसातला_पतंग
ठिपका कुठला, कोळी फ्रेमभर येतोय! पुढे रेनॉक्स २५० (जवळचं मोठं दाखवणारं जोडभिंग) लावलाय ना. त्याशिवाय या लेन्सने कोण कोळी काढायला जाईल?

नाकतोडा
धन्य आहात. हे पहिल्या पोस्टमध्ये नको का? आता सगळं एकदम सांगा. झूम कितीवर, शटर किती, फोकस कसा करता?

परसातला_पतंग
झूम अर्थातच पूर्ण, २५०. शटर १/१२५ सेकंद, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ऑटो. ऑटोफोकस नुसता घुरघुरतो म्हणून रिंग फिरवून फोकस. स्टॅबिलायझर चालू. ऑफिसहून आल्यावर जो उजेड मिळेल तो.

भिंगरी
कोळी फार झाले असतील तर कोपऱ्यांतली जाळी आठवड्यातून एकदा झाडून काढा, आपोआप कमी होतात. फवारे मारू नका.

अष्टाक्ष
गोम झूममध्ये आहे. तुमचा रेनॉक्स डीसीआर-२५० म्हणजे +८ डायॉप्टर ताकदीचं भिंग, फोकल लेंग्थ १२५ एमएम. लेन्सचा फोकस अनंतावर ठेवला की मॅग्निफिकेशन (सेन्सरवर किती पट मोठं उमटतं ते) निघतं झूम भागिले १२५. २५० ला सरळ २:१, म्हणजे दुप्पट. तिथे क्रॉप सेन्सरवर एफ/११ ला फोकसमध्ये येणारा थर जेमतेम ०.१ मिमी असतो. या कोळ्याचा पुढचा एक डोळासुद्धा त्यात मावत नाही, पाय कुठून मावणार!

झूम १०० वर आणा. मॅग्निफिकेशन ०.८ होईल आणि तोच थर साधारण ०.७ मिमी. कोळी फ्रेममध्ये लहान दिसेल, दिसू दे, मागाहून क्रॉप करा. फोकसची रिंग अनंतावर ठेवून विसरा. कोपरे मांडीला किंवा जमिनीला टेकवा, अंगच केसभर पुढे-मागे करा आणि डोळे चमकले की दाबा. स्टॅबिलायझर हाताची कोनातली थरथर सावरतो, पुढे-मागे झालेलं डुलणं नाही. तुमचा फोकस त्या डुलण्यानेच जातोय.

मुंगळा
एवढं कशाला? ट्रायपॉड लावा, दोन सेकंदांचा टायमर लावा. मी फुलं अशीच काढतो, सुईसारखी शार्प येतात.

अष्टाक्ष
फुलं उड्या मारत नाहीत. शिवाय झुळूक आली की पान हलणार, ट्रायपॉड तिथे काय करणार?

टाचणी
एफ/२२ बद्दल कोणीच बोललं नाही. १:१ ला एफ/१६ म्हणजे प्रत्यक्षात एफ/३२ असतो, डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून उजेड पसरल्याने) सगळा मऊ लगदा होतो. सूत्र सोपं आहे: आकडा गुणिले (१ + मॅग्निफिकेशन). त्याने २:१ ला एफ/२२ ठेवला, म्हणजे एफ/६६!

अष्टाक्ष
तुमचं सूत्र एक्स्टेन्शन ट्यूबला (कॅमेरा आणि लेन्सच्या मधल्या पोकळ नळीला) लागू पडतं. तिथे लेन्स सेन्सरपासून लांब जाते. रेनॉक्स लेन्सच्या पुढे बसतो, मागचं अंतर बदलत नाही, म्हणून एफ/२२ हा एफ/२२ च राहतो. क्रॉप सेन्सरवर तोही मऊच, ते मान्य. एफ/११ च्या पुढे जाऊ नका.

टाचणी
म्हणजे शेवटी मी म्हटलं तेच. अॅपर्चर उघडा.

शेवाळ
सोपा उपाय सांगतो. कोळी डबीत धरून दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर मिनिटभर जागचा हलत नाही. हवे तेवढे फोटो काढा.

नाकतोडा
आणि पुन्हा जागेवर सोडलं तेव्हा तो जगला का, हे पाहायला किती वेळ थांबलात? घरटं विणणाऱ्या मादीला डबीत कोंबायचा सल्ला देताय. एका फोटोसाठी असले उद्योग नकोत.

शेवाळ
मरत नाहीत हो, फक्त मंदावतात. तुम्ही घरात डास मारत नाही का?

उगाच_एक
अवांतर: वर कोणी म्हटलं नाहीये, पण बरेच लोक म्हणतात म्हणून सांगतो, कोळी हा कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय, याला आठ. मुंगीसारखा दिसणारा कोळी तर पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरून फिरतो, भले भले फसतात. तुमचा नक्की कोळीच आहे ना?

परसातला_पतंग
कोळीच आहे!!! आठ डोळे मोजलेत.

झूम १०० करून पाहिलं. फरक आहे, पण शटर १/१२५ ला अजून हलतंय आणि १/५०० केलं की आयएसओ वाढून फोटोभर रव्यासारखे दाणे. आता?

नाकतोडा
फ्लॅश.

परसातला_पतंग
नाहीये माझ्याकडे. कॅमेऱ्यावर उघडतो तो छोटा आहे, पण तो कोण वापरतं.

अष्टाक्ष
तोच वापरा! शटर १/२००, एफ/११, आयएसओ २००. कोळी बारा सेंटिमीटरवर असतो, तेवढ्याला तो फ्लॅश रग्गड. उजेड क्षणार्धाहून कमी टिकतो, त्यामुळे हालचाल तिथेच गोठते. फक्त लेन्सची सावली पडते. त्यासाठी बटर पेपरच्या चौकोनात मधोमध भोक पाडा, लेन्सच्या टोकात अडकवा, वरची कड पुढे कोळ्यावर झुकू द्या.

आणि वेळ बदला. हे कोळी दिवसा शिकार करतात, अंधारलं की रेशमाच्या पिशवीत शिरतात. सकाळी गार असताना सुस्त असतात, तेव्हा गाठा. फ्रिज लागत नाही.

एक गंमत बघा. समोरच्या दोन मोठ्या डोळ्यांचं भिंग जागचं हलत नाही, आतला पडदा हलतो. त्यामुळे तोच डोळा आत्ता तपकिरी दिसतो आणि पुढच्या क्षणी काळाभोर. काळाभोर झाला म्हणजे तो थेट तुमच्या लेन्सकडे बघतोय. तेव्हाच दाबा.

टाचणी
फ्लॅशने मागचं सगळं काळं पडतं. दिवसा काढलेला फोटो मध्यरात्रीचा वाटतो. मला असले फोटो अजिबात आवडत नाहीत.

नाकतोडा
मागे जवळच एखादं पान येईल असं बघा, हिरवं येतं. काळंही वाईट दिसत नाही म्हणा.

परसातला_पतंग
आज सकाळी काढले. पुढचे चारही डोळे शार्प, तोंडावरचे केससुद्धा मोजता येतायत! पण प्रत्येक मोठ्या डोळ्यात पांढराशुभ्र चौकोन उमटलाय. अगदी खिडकीसारखा. हे कसं घालवायचं?

अष्टाक्ष
तो तुमचा फ्लॅश. डोळा आरशासारखा असतो, समोर जे असेल ते दाखवतो. कागद कुठे लावलाय?

परसातला_पतंग
फ्लॅशवरच चिकटवलाय. लेन्सला अडकवायचा कंटाळा आला.

अष्टाक्ष
मग कागद लावून न लावल्यासारखाच. उजेड कागदावर पसरायला मध्ये अंतर लागतं. कोळ्याला उजेडाचा उगम जेवढा मोठा दिसेल, तेवढी डोळ्यातली चमक मऊ. कागद फ्लॅशपासून लांब, कोळ्याच्या जवळ.

मुंगळा
याच सेटिंगवर चंद्र येईल का? माझ्याकडेही ५५-२५० आहे आणि रेनॉक्स मागवतोय.

नाकतोडा
रेनॉक्स लावल्यावर बारा सेंटिमीटरपलीकडचं काही फोकस होत नाही. चंद्रासाठी तो काढूनच ठेवावा लागेल.

परसातला_पतंग
चंद्राचा वेगळा धागा काढा हो. कागद किती लांब, पाच सेंटिमीटर की दहा? आणि एकपदरी पुरतो की दोन? उद्या सकाळी ती बाहेर असेल तेवढ्यात काढायचंय.