बलेनो की अल्ट्रोझ? हंसलपूर विरुद्ध पिंपरी

मांजलपूरकर
मंडळी, बारा वर्षं वापरलेली गाडी दसऱ्याला विकली. (नाव घेत नाही, गेलेल्याचं वाईट बोलू नये.) आता डोळ्यांसमोर दोनच आहेत, मारुतीची बलेनो आणि टाटांची अल्ट्रोझ. दोन्ही पेट्रोल.

दोघींची लांबी ३,९९० मिमी, चार मीटरला फक्त एक सेंटीमीटर कमी. सरकारने चार मीटर आणि पेट्रोलला १,२०० सीसी अशी रेघ मारून ठेवलीय. तिच्या आत राहिलं तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के, आधी २८ आणि वर सेस होता. म्हणून दोघीही पोट आत ओढून रेघेच्या अलीकडे उभ्या आहेत. डिक्की बलेनोची ३१८ लिटर, अल्ट्रोझची ३४५. जमिनीपासून उंची १७० आणि १६५ मिमी. कागदावर उन्नीस-बीस.

मी अल्ट्रोझकडे झुकलोय. दोन-तीन महिन्यांतून एकदा पुण्याला जाणं होतं, आई बरोबर असते, आणि पत्र्याच्या बाबतीत मला तीच भरवशाची वाटते. शेजारचे काका मात्र कुंपणावरून रोज एकच विचारतात, "एवरेज केटली आपे छे?" (मायलेज किती देते?)

हिशेबनीस
काकांना माझा साष्टांग नमस्कार सांगा. बलेनो घ्या.

मॅन्युअल बलेनोचा कंपनीचा आकडा लिटरला २२.३५ किलोमीटर आहे. तो रस्त्यावर कोणालाच मिळत नाही, म्हणून माझा अंदाज धरा: बडोद्यात बलेनो १६ देईल, अल्ट्रोझ १४. महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे वर्षाला बारा हजार. एकीला ७५० लिटर, दुसरीला ८५७. लिटरला ९५ रुपयांनी वर्षाचा फरक दहा हजार. वर विकायला काढाल तेव्हा मारुतीला गिऱ्हाईक दारात येतं, बाकीच्यांना शोधावं लागतं. आणि बलेनो बनते कुठे, तर आपल्या गुजरातेत, बेचराजीजवळ हंसलपूरला. घरची मुलगी आहे.

एक्स्प्रेसवेवाला
घरची असली तरी नाजूक आहे त्याचं काय? भारतात बनलेल्या बलेनोला २०२१ मध्ये लॅटिन एनकॅपने (गाड्या आदळून सुरक्षेचे तारे देणारी संस्था) पाचपैकी शून्य तारे दिले होते. अल्ट्रोझला २०२० मध्येच ग्लोबल एनकॅपचे पाच मिळाले. २०२५ मध्ये भारत एनकॅपमध्ये पुन्हा पाच, मोठ्यांच्या सुरक्षेत ३२ पैकी २९.६५.

महिन्याला आठशे रुपयांसाठी आईला पातळ पत्र्यात बसवणार? रविवारी चौघांनी सेव-उसळ आणि वर आइस्क्रीम खाल्लं तरी तेवढे जातात. बाकी अल्ट्रोझ पुण्याची आहे, पिंपरीला बनते. म्हणजे ती तुमच्या आजोळची.

हिशेबनीस
अर्धंच सांगताय. ती चाचणी जुन्या मॉडेलची, दोन एअरबॅगवाली. २०२२ ला गाडी बरीच बदलली. २०२५ च्या भारत एनकॅपमध्ये सहा एअरबॅगच्या बलेनोला २६.५२ गुण आणि चार तारे आहेत. २६ आणि २९ मध्ये 'नाजूक' आणि 'रणगाडा' एवढं अंतर नसतं.

समोरून आदळण्याची ती चाचणी होते ताशी ६४ किलोमीटरने, ठोकळ्यावर. तुम्ही अहमदाबादच्या एक्स्प्रेसवेवर ६४ ने जाता का? शंभरला धडकेतली ऊर्जा जवळजवळ अडीचपट होते. तिथे तीन गुणांचा फरक कोणाला वाचवणार?

एक्स्प्रेसवेवाला
अडीचपट होते म्हणूनच तर! परीक्षा अवघड असेल तर कच्चा विद्यार्थी बसवायचा, असं कुठलं गणित?

लहान मुलांचे तारेही सांगा की. बलेनोला तीन आहेत. ते का लपवता?

तिसरी_सीट
हे दोघं लग्नात वधूपक्ष-वरपक्ष म्हणून समोरासमोर बसवा, जेवणाचा खर्च वाचेल. 🍿

मिस्त्रीकाका
तीस वर्षं बोनेटखाली डोकं घातलंय, म्हणून बोलतो. ताऱ्यांचं मला कळत नाही. इंजिनचं ऐका.

बलेनोला चार सिलिंडर, अल्ट्रोझच्या पेट्रोलला तीन. ताकद बघाल तर ९० आणि ८८ पीएस, कोणाला कळणारसुद्धा नाही. पण चारांत दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात, जोड जमते. तिघांत एक नेहमी बिनजोडीचा, त्यामुळे इंजिन जागच्या जागी डुलतं. सिग्नलला उभं राहून गिअरच्या दांड्यावर हात ठेवा, बोटांना कळेल. हा बिघाड नाही, तीन सिलिंडरची जातच तशी. काहींना दोन दिवसांत सवय होते, काही आयुष्यभर कुरकुरतात. तुम्ही कुठले ते टेस्ट ड्राइव्हलाच बघा. एसी चालू ठेवून पाच मिनिटं नुसते उभे राहा. शोरूमचा पोरगा "निघू या, सर" म्हणेल, ऐकू नका.

आणि कोणतीही घ्या, विम्यात इंजिन प्रोटेक्ट घ्या. ऑगस्ट २०२४ विसरलात का? काळा घोडा पुलाशी आपल्या मगरींच्या विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट, पाणी ३५ च्या वर गेलं होतं. पाणी ओसरल्यावर समा-सावली रोडकडच्या एका सोसायटीत मला बोलावलं. बेसमेंटमधून नवी कोरी गाडी ढकलून वर काढली होती. कार्पेटमधून चहासारखं पाणी गळत होतं. मालक म्हणाला, "काका, आत्ताच एकदा स्टार्ट मारून बघितली, कट्-कट् झालं नि बंद पडली." तिथेच संपलं. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असताना चावी फिरवली तर पाणी काही दबत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह विम्यात पुराचं नुकसान मिळतं, पण हे मिळत नाही. म्हणतात, तुम्ही स्वतः सुरू केली. त्या बिचाऱ्याचं तसंच झालं. बुडालेली गाडी सुरू करायची नाही, बॅटरीची तार काढायची आणि टोइंगची वाट बघायची. मगर दिसली तर तिची पण.

मांजलपूरकर
काका, 🙏. आमची सोसायटी उंचावर आहे, पण इंजिन प्रोटेक्ट घेतोच.

अल्ट्रोझची दारं ९० अंशांत उघडतात, हे सांगायचं राहिलं. आईचा डावा गुडघा बदललाय, तिला उतरायला सोपं जाईल.

रावपुऱ्याची_सून
दादा, ९० अंशांत दार उघडायला शेजारी तेवढी जागा लागते. आमच्या वाड्याच्या बोळात गाडी लावली की दार जेमतेम वीतभर उघडतं, बाकी स्कूटर आणि तुळशीवृंदावन.

दुसरं, अल्ट्रोझच्या मागच्या दाराचा हँडल दारावर नाही, वर काचेमागच्या खांबात लपवलाय. दिसतो छान. आमच्या सासूबाई मैत्रिणीच्या गाडीपाशी उभ्या राहून दार चाचपत होत्या, शेवटी म्हणाल्या, "या गाडीला मागे दारच नाही दिलं का गं?" तुमच्या आईंची उंची किती?

आणि खरा प्रश्न तर इथे कोणीच विचारलेला नाही. पुण्याला वर्षातून पाच-सहा वेळा जाल. बाकीचे साडेतीनशे दिवस गाडी चालवणार कोण?

मांजलपूरकर
...सौ. मी मकरपुऱ्याला कंपनीच्या बसने जातो. तिची शाळा फतेगंजला.

रावपुऱ्याची_सून
म्हणजे मांजलपूर ते फतेगंज रोज, येता-जाता. आणि इथे चाललंय एक्स्प्रेसवे आणि अडीचपट ऊर्जा! त्यांना विचारलंत?

तिसरी_सीट
विषय संपला. धागा बंद करा.

मांजलपूरकर
विचारलं. ती म्हणाली, "मला क्लच नको." दहा वर्षं म्हणत होती म्हणे. मी आज ऐकलं.

हिशेबनीस
मग तर बलेनोच. एएमटी आहे, मायलेजही पडत नाही, उलट कंपनीच्या आकड्यात मॅन्युअलपेक्षा थोडं जास्तच आहे, २२.९४. मॅन्युअलपेक्षा पैसेही फार जास्त पडत नाहीत.

मिस्त्रीकाका
एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स. क्लच तुमच्या पायाऐवजी यंत्र दाबतं, एवढंच. गिअर बदलताना मान जराशी पुढे जाते. गर्दीत चालून जाते, पण अर्धवट ॲक्सिलरेटर दिलात की विचारात पडते.

अल्ट्रोझला एएमटी आहे आणि वर डीसीए हा दुसरा ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससुद्धा आहे. डीसीएमध्ये दोन क्लच, पुढचा गिअर आधीच तयार असतो, म्हणून झटका नाही. क्लच तेलात बुडालेले, त्यामुळे आपल्या उन्हात रांगेत रांगताना तापायची भीती कमी. किंमत मात्र डोळ्यांत खुपते. आणि उद्या काही झालंच तर ते काम माझ्यासारख्याच्या पान्याने होणार नाही, कंपनीतच न्यावी लागेल. हेही लक्षात ठेवा.

एक्स्प्रेसवेवाला
डीसीए! मी म्हणतच होतो. पैसे कमी पडत असतील तर पुण्यातून घ्या, तिथेच बनते.

हिशेबनीस
😂 महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स ११ टक्के, गुजरातेत ६. कारखान्याच्या फाटकासमोर राहिलं म्हणून आरटीओ सूट देत नाही. शिवाय एमएच नंबर घेऊन बडोद्यात बारा महिन्यांच्या वर राहिलात की पुन्हा बडोद्याचा जीजे-०६ करावा लागतो: एनओसी, इथला टॅक्स, आणि तिकडचा परत मिळायची वाट बघत आयुष्य. तुमच्या सल्ल्यावर चालणाऱ्याचं देव भलं करो.

एक्स्प्रेसवेवाला
बरं, पुणं मागे घेतो. डीसीए मागे घेत नाही.

मांजलपूरकर
रविवारी दोन्ही चालवल्या. म्हणजे सौ.ने चालवल्या, मी मागे बसलो.

बलेनो एएमटी तिला हलकी वाटली. स्टेअरिंग बोटाने फिरतं, वळायला सोपी, आणि यू-टर्न तिने एका दमात घेतला. समोरच्या काचेवर वेगाचा आकडा उमटतो, त्यावर मी भाळलो. ती म्हणाली, "मला रस्ता दिसला तरी पुरे." लालबागचा पूल चढताना रांग थांबली, पुन्हा सुटली, तेव्हा गाडीने मिस्त्रीकाकांची ती मान पुढे न्यायची गोष्ट केली. दोनदा. तिसऱ्यांदा ती काही बोलली नाही, ओठ मात्र आवळलेले.

अल्ट्रोझ डीसीए त्याच पुलावर, त्याच रांगेत. इंजिन डुलतं हे मला मागच्या सीटवरही कळलं, तिला कळलं नाही किंवा फरक पडला नाही. पूल उतरल्यावर म्हणाली, "हिचं मला काही करावंच लागत नाही." अलकापुरीत पार्किंग करताना मात्र मागचं नीट दिसत नाही म्हणून वैतागली. कॅमेरा आहे, असं सांगितलं तर म्हणाली, कॅमेऱ्यात बघून नवरा निवडला असता तर वेगळाच मिळाला असता.

मग आईला दाखवायला घरी आणली. मी मागचं दार ९० अंशांत उघडून, हँडल कुठे आहे ते बोटाने दाखवून उभा राहिलो. आई पदर खोचून आली, माझ्या समोरून चालत गेली, पुढचं दार उघडून आत बसली आणि पट्टा ओढला. म्हणाली, "मागे तू बस. ती चालवणार ना? मग मी तिच्या शेजारी."

डीसीए बुक केलीय. बजेट लाखभराने ओलांडलं.

हिशेबनीस
लाख आणि वर वर्षाचे दहा हजार. असो. रंग कुठला?

मिस्त्रीकाका
इंजिन प्रोटेक्ट?

मांजलपूरकर
घेतलं काका. रंग पांढरा. शेजारच्या काकांना अजून सांगितलेलं नाही.