रात्री आठ ते सव्वानऊ: कुकरची शिट्टी होईपर्यंत फरसाणाचा डबा अर्धा. मदत हवी आहे

घोडबंदर_३८

वय ३८, उंची १६३ सेंमी, वजन ७८ किलो. राहायला ठाण्यात घोडबंदर रोडला, ऑफिस नवी मुंबईत ऐरोलीला. बसून काम.

सकाळी ८ ला साखरेचा चहा, दोन मारी. १ वाजता डबा: दोन पोळ्या, एक फळभाजी, काकडी. भात तीन महिन्यांपासून बंद. ४.३० ला चहा. ६.३० ला निघते. ठाणे स्टेशन, मग पुढचं ट्रॅफिक धरून घरी यायला ८ वाजतात. स्वयंपाक होऊन पानं मांडेपर्यंत ९.१५.

सगळं बिघडतं ते ८ ते ९.१५ मध्ये. ओट्याशी उभ्याउभ्या तीन-चार मुठी फरसाण, दोन खाऱ्या. जेवण नेहमीसारखं: दीड भाकरी, आमटी, भाजी. ११ ला पुन्हा काहीतरी गोड. पहिल्या महिन्यात दीड किलो उतरलं, पुढच्या दोन महिन्यांत तितकंच परत आलं.

घरात सासूबाई आणि दोन मुलं आहेत, त्यामुळे खाऊ आणायचाच नाही असं करता येत नाही. ‘मनावर ताबा ठेव’ सोडून काहीही सांगा.


पथ्यपाणी

मनाचा प्रश्नच नाही, आधी हिशोब बघा.

चहा-मारी साधारण १२०, डबा ३५०, दुपारचा चहा ७०. म्हणजे रात्री आठपर्यंत पोटात जेमतेम ५४० कॅलरी आणि १५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. तुमचं वय, उंची, वजन आणि बसून काम धरलं तर दिवसाचा खर्च १९५० ते २००० च्या घरात येतो. चौदा-पंधरा तास जागं शरीर चतुर्थांशावर चालवलंत. आठ वाजता ते वसुलीला उभं राहणारच, आणि वसुली करताना काकडी मागत नाही.

आता रात्रीचं. फरसाण १०० ग्रॅमला ५०० ते ५५० कॅलरी. मूठ साधारण २५-३० ग्रॅमची, म्हणजे तीन-चार मुठींत ५०० सहज. खाऱ्या १५०, जेवण ६००, गोड २००. झाले साडेचौदाशे. दिवसाचे ५४० मिळवा, बेरीज जवळपास २०००. जितका खर्च तितकीच आवक, म्हणून काटा हलत नाही.

पहिल्या महिन्यातल्या दीड किलोत बरंचसं पाणी असणार. भात बंद केला की शरीरातला ग्लायकोजेनचा (साठवून ठेवलेल्या साखरेचा) साठा कमी होतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी असतं, तेही जातं. साठा भरला की पाणी परत येतं. त्यात तुमची चूक काही नाही.

उपाय उलटा वाटेल: दिवसा जास्त खा. रोज १५०० वर थांबायचं, पण त्यातले हजार तरी ६.३० च्या आत संपवायचे.

सकाळी मारीऐवजी दोन अंडी आणि एक पोळी. अंडी खात नसाल तर ६० ग्रॅम मूग रात्री भिजत घालून दोन-तीन धिरडी, त्यात १४ ग्रॅम प्रथिनं येतात. डब्यात फळभाजीच्या जोडीला मटकी-मुगाची एक वाटी उसळ (कोरडं कडधान्य ३० ग्रॅम) आणि १५० ग्रॅम दही. भात हवा असेल तर एक पोळी कमी करून मूदभर घ्या. भाताचा आणि पोटाच्या घेराचा काही खास वैरभाव नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ६ वाजता ऑफिसातच ३० ग्रॅम फुटाणे आणि एक पेरू किंवा केळं. घरी येऊन नाही, गाडीतही नाही. ट्रान्स-हार्बर लोकलला त्या वेळी हात वर करायला जागा नसते, डबी कुठून उघडणार! टेबलाशी बसून खाऊन मग निघायचं. फुटाण्यांचे ११० कॅलरी आणि ६ ग्रॅम प्रथिनं होतात. ते रात्रीच्या ५०० ला अडवतात.

रात्रीच्या आमटी-भाकरीसकट दिवसाची प्रथिनं ५५-६० ग्रॅमपर्यंत जातील. आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) आकडा उंचीला योग्य अशा वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅमचा आहे. वजन उतरवताना त्याच्या खाली मुळीच जाऊ नये, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात.


वाशी_सेक्टर१७

१६ तासांचा उपास करून बघा ना. दुपारी १२ ते रात्री ८ खायचं, नंतर तोंड बंद. सोपं आहे.


पथ्यपाणी

@वाशी_सेक्टर१७, त्या घरी पोचतात ८ ला. खाण्याची खिडकी बंद व्हायला आणि घराचं दार उघडायला एकच गाठ! सकाळचं खाणं आणखी कापलं तर रात्रीची मूठ मोठी होईल. जेवण सातच्या आत होत असेल त्याने हा प्रयोग करावा.


ओटा_आणि_कट्टा

वरच्याशी सहमत, पण पोट भरलेलं असलं तरी समोर उघडा डबा असेल तर हात जातोच. तेव्हा स्वयंपाकघराची मांडणी बदला.

तुमचं खाणं नेमकं कुठल्या मिनिटाला होतं ते बघा. कुकर चढवला आणि तीन शिट्ट्या व्हायच्यात, त्या पंधरा मिनिटांत. हात रिकामे, वास सुटलेला, डबा खांद्याच्या उंचीवर. ती पंधरा मिनिटंच काढून टाकायची.

सकाळी निघताना डाळ-तांदूळ धुऊन, पाण्यासकट कुकरच्या भांड्यांत घालून फ्रिजमध्ये. बाहेर ठेवू नका. आपल्याकडच्या दमट हवेत भिजलेली डाळ संध्याकाळपर्यंत फसफसते. सासूबाईंना पावणेआठला कुकर लावायला सांगता आला तर उत्तमच: ऐरोलीहून गाडीत बसलात की फोन, म्हणजे तुम्ही दारात येईतो वाफ उतरलेली. उसळ आणि कणीक आदल्या रात्रीची. मोड आलेली मटकी फ्रिजमध्ये तीन दिवस नीट राहते. चौथ्या दिवशी बुळबुळीत लागली की टाकून द्या. एवढं केलंत की ९.१५ चं जेवण ८.३५ ला येतं. चाळीस मिनिटं वाचली की फरसाणाला वेळच उरत नाही.

घरात आल्यावर पहिला थांबा ओटा नको. हातपाय धुऊन, कपडे बदलून, मग स्वयंपाकघर. ताक तयार हवं: १०० ग्रॅम दही, पेलाभर पाणी, जिरेपूड, मीठ. साठ-एक कॅलरी. ते बसून प्यायचं.

फरसाण किलोने आणू नका. २०० ग्रॅमचं पाकीट आणा, आल्याबरोबर काट्यावर २५-२५ ग्रॅमच्या आठ डब्या भरा. स्वयंपाकघराचा डिजिटल काटा घेताना १ ग्रॅमच्या फरकाने मोजणारा बघा. ५ ग्रॅमच्या टप्प्याचा काटा फरसाणाला कामाचा नाही. डब्या स्टीलच्या, काचेची बरणी नको, दिसलं की हवंसं वाटतं. आणि त्या ओट्याच्या वर नकोत, बाहेरच्या खोलीतल्या कपाटात. कुणालाही हवी तर अख्खी डबी घ्यायची, ताटलीत ओतायची, बसून खायची. सासूबाईंना नियम जाचक वाटू नये म्हणून तो सगळ्यांना सारखा ठेवा. ‘सुनेचं डाएट’ असं नाव पडलं की घरातले प्रेमाने आग्रह करकरून खायला घालतात.

आणि तेल. बुधलीतून धार धरून फोडणी करत असाल तर पळी वापरा. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी. चार माणसांना महिन्याला अडीच-पावणेतीन लिटर पुरे, त्यात तळण आलं.


पाकीट_उलटून_बघा

दोन गैरसमज पुढे येतीलच, म्हणून आधीच लिहितो.

मारी हलकी नसते. मारी काय, ग्लुकोज काय, १०० ग्रॅमला साडेचारशेच्या आसपासच. मारी आकाराने पातळ, म्हणून एकेकीचे २५ कॅलरी होतात एवढंच. डाएट चिवडा, बेक्ड चकली, खाकरा, सगळे चारशेच्या वर. ‘रोस्टेड’ लिहिलं असलं तरी पाकीट उलटून घटकपदार्थांत पामोलिन कितव्या नंबरवर आहे ते बघा, कारण यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. समोरच्या बाजूला ठळक छापलेला आकडा बहुधा एका सर्व्हिंगचा असतो, आणि पाकिटात अशी सर्व्हिंग्ज चार-पाच असतात. १०० ग्रॅमचा रकाना तेवढा वाचा.

खरंच हलकं हवं असेल तर साधे कुरमुरे. २० ग्रॅमने मोठा वाडगा भरतो आणि कॅलरी ७५. वर कांदा, टोमॅटो, लिंबू, कोथिंबीर. शेव घातलीत की गणित फिरलं. दाणे चांगले, पण मूठभर (३० ग्रॅम) म्हणजे १७०, तेव्हा मोजूनच.

अवांतर: सगळ्या तक्त्यांत वडापावचे ३०० कॅलरी लिहिलेले असतात, तो गाडीवरचा साधा वडा. ठाणे स्टेशनजवळच्या कुंजविहारचा जंबो वडापाव त्या आकड्यात बसवू नका. तो हवा तर जेवण म्हणून खावा, जेवणाआधी नाही.


घोडबंदर_३८

डोळे उघडले. ६ वाजताचे फुटाणे आणि कुकरचा फोन उद्यापासूनच.

तीन शंका. संकष्टीला मी चंद्रोदयापर्यंत काही खात नाही, दुपारी फक्त खिचडी. त्या रात्री तर हद्द होते. दुसरं, ऑफिसात दर शुक्रवारी कुणाचा तरी वाढदिवस, समोसे-केक असतोच. तिसरं, ११ चं गोड. तेव्हा भूक असते की नुसती सवय, हेच कळत नाही.


पथ्यपाणी

संकष्टीला तुमचा रोजचाच खड्डा आणखी खोल होतो. ६० ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम दाण्याचं कूट, एक बटाटा आणि मोठा चमचा तूप घातलं की खिचडी ५०० च्या पुढे जाते. प्रथिनं जी काही असतात ती दाण्यांची, सहा-सात ग्रॅम. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, चार वाजेपर्यंत पुन्हा भूक लागणार. त्याऐवजी वरीचे तांदूळ ५० ग्रॅम, दाण्याची आमटी आणि वाटीभर दही. ६ ला पेलाभर दूध किंवा राजगिऱ्याचा एक लाडू. उपासाला हे सगळं चालतं. चंद्रोदय नऊ-साडेनऊच्या आसपास, तेव्हा पान आधी वाढून ठेवा आणि मोदक जेवणाच्या शेवटी.

समोसा अर्धा नको, अख्खा घ्या, पण ६ च्या फुटाण्यांऐवजी. अर्धा घेणारे दुसरा अर्धा पाच मिनिटांनी घेतात.

११ ला स्वतःला विचारा: आत्ता गार आमटी-भात मिळाला तर खाईन का? ‘हो’ असेल तर ती भूक. १५० मिली दूध प्या, आणि दुसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणात डाळ वाढवा. पेढा चालेल पण आमटी-भात नको, तर ती सवय. मग दात घासून दिवा मालवा. झोप पाच-सहा तासांवर आली की भुकेची संप्रेरकंच वर-खाली होतात, भूक लावणारं ग्रेलिन वाढतं, पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन घटतं. ११ नंतरचं जागरण सोडलंत तर त्या पेढ्याची गाठच पडणार नाही.


बेलापूर_ओपीडी

आहाराचं वर आलंच आहे. काही गोष्टी तपासून घ्या.

भारतीयांसाठी बीएमआयची (उंचीच्या मानाने वजनाच्या आकड्याची) रेषा २३ ला आहे, २५ पासून स्थूलता धरतात. तुमचा २९ च्या पुढे. कमरेचा घेर नाभीच्या पातळीवर टेपने मोजा. बायकांना मर्यादा ८० सेंमी. टीएसएच (थायरॉइड), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल) एकदा करा. पाळी अनियमित असेल तर पीसीओएससाठी (अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा विकार) स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. स्टेरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या, मिर्टाझापिन किंवा ओलान्झापिनसारखी मनोविकारांवरची औषधं भूक आणि वजन वाढवतात. चालू असेल तर आपल्या मनाने बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

आणि हे नीट वाचा. पोट दुखेपर्यंत, थांबवता न येता, लपून खाणं आणि नंतर शरम वाटणं आठवड्यातून एकदा तरी होत असेल आणि तीन महिने चाललं असेल, तर ते ‘खादाडपणा’ नाही. बिंज ईटिंग नावाचा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. खाऊन मुद्दाम उलटी करणं किंवा जुलाबाच्या गोळ्या घेणं असेल तर मदत घ्यायला मुळीच उशीर करू नका. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तुमच्या वर्णनावरून तसं वाटत नाही, पण हा धागा इतरही वाचतील. अशा वेळी कॅलरी मोजण्याने उलट बिघडतं, म्हणून काटा-डब्यांचा सल्ला त्यांच्यासाठी नाही.

वजन रोज बघायचं असेल तर सकाळी, शौचानंतर, एकाच काट्यावर. आणि सात दिवसांची सरासरी मागच्या सरासरीशी ताडायची. पाळीच्या आधीच्या आठवड्यात किलो-दीड किलो पाणी वाढतं, खारट खाल्लं की दुसऱ्या दिवशी काटा वर जातो. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ झालं.


घोडबंदर_३८

शेवटची शंका, जरा बावळट आहे. ‘वाटी’ म्हणजे नेमकी केवढी? आमच्याकडे तीन आकाराच्या आहेत.


ओटा_आणि_कट्टा

बावळट कसली, निम्मे हिशोब तिथेच चुकतात. वाटी काट्यावर ठेवून शून्य करा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिली. १५० च्या आसपासची निवडा आणि रोज तीच वापरा. आमरसाच्या वाट्या बहुतेक घरांत २०० च्या वर निघतात, त्या उसळीला घेऊ नका. निवडलेल्या वाटीच्या बुडाला नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवा, म्हणजे भांडी घासून आल्यावरही ओळखू येईल.